झाडांच्या शेंड्यांवरून बोट

नमस्कार मंडळी, कसे आहात. आज जरा लांबची गोष्ट सांगणारे, थायलंडची, पण घाबरू नका, बीच आणि मसाजवाली नाही. जंगलातल्या तलावाची आहे, बोटीची आहे आणि एका गुहेची, जिच्यात आम्ही शेवटी गेलोच नाही. हो, गेलोच नाही, आणि मला आज बोलायचंय ते मुळात त्याच्याबद्दलच.

तर एप्रिलच्या शेवटी मी आणि माझी ताई, दोघंच गेलो होतो. ताई माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी, गुडघे कुरकुरतात, पोहता येत नाही आणि पाण्याची भीती वेगळीच, पण फिरायचं म्हटलं की बॅग आधी हिचीच भरलेली. साउथ थायलंडमध्ये सुरत थानी नावाचा प्रांत आहे, तिथे खाओ सोक नॅशनल पार्क, 1980 साली झालेलं, 739 चौरस किलोमीटरचं घनदाट पावसाचं जंगल. गावात राहायचं आणि सकाळी गाईडबरोबर व्हॅनने निघून दिवसभर तलाव, बोट, गुहा करून संध्याकाळी परत, अशी ती ट्रिप.

आता एक गंमत ऐका, कारण आपण तापीकाठचे लोक. ह्या सुरत थानीचं नाव आपल्या इकडच्या सुरतेवरून ठेवलेलंय. 1915 साली तिथल्या राजाने, वजिरावुध त्यांचं नाव, ते ठेवलं, आणि सुरतेला तापी आहे तर इथेही हवी म्हणून तिथल्या नदीचं नावसुद्धा तापी करून टाकलं! आणि आम्ही ज्या तलावावर चाललो होतो त्याचं पाणी खालच्या नद्यांमधून शेवटी त्याच तापीला जाऊन मिळतं. हे मी व्हॅनमध्ये ताईला सांगितलं तर ती म्हणाली, अरे मग आपण माहेरीच चाललोय की.

गाईडला सगळे पी म्हणत होते. पी म्हणजे त्यांच्याकडे दादा किंवा ताई, मोठ्या माणसाच्या नावाआधी लावतात, नुसतंही म्हणतात. वय असेल पंचेचाळीस, बारीक, पायात रबरी बूट, बोलणं कमी. आमच्या ग्रुपमध्ये नऊ जण होतो, त्यात एक उंच गृहस्थ होते, गळ्यात दोन कॅमेरे, आणि ते पहिल्यापासून विचारत होते की गुहेत किती वेळ मिळणार, कारण ते त्या गुहेसाठीच आले होते. त्यांना आपण कॅमेरेवाले काका म्हणू.

तासाभराने धरण आलं. बोर्डावर रत्चप्रफा असं काहीतरी, उच्चार करताना जीभ अडखळते, पण मूळ शब्द आपलाच, राज्य आणि प्रभा, राज्याचा प्रकाश. दगडमातीचं धरण, 94 मीटर उंच, तीस मजली बिल्डिंग समजा, 1982 ला काम सुरू झालं आणि 1987 ला पूर्ण, 240 मेगावॉट वीज होते. आणि मग तो धक्का, तिथे रांगेने लागलेल्या लांब लाकडी बोटी, पुढच्या टोकाला रंगीत फडकी आणि फुलांच्या माळा बांधलेल्या. ह्यांना लाँगटेल म्हणतात कारण मागे चक्क गाडीचं इंजिन एका खुंट्यावर बसवलेलं असतं आणि त्यातून लांबलचक दांडा निघतो, त्याच्या टोकाला पंखा. पाण्यात लाकूड आडवं आलं की नावाडी अख्खं इंजिन तोलून तो दांडा वर उचलतो, पुढे गेलं की परत खाली. हे का लागतं ते थोड्या वेळाने कळतं.

लाईफ जॅकेट कंपल्सरी. ताईने ते घातलं, पट्टे आवळले, मग परत आवळले आणि बोटीच्या बरोब्बर मधे जाऊन बसली, जशी काही ती हलली तर बोट उलटणारच.

मंडळी, तो तलाव मी शब्दांत कसा सांगू, पण रेडिओवर दुसरं काय करणार. पाणी हिरवं, गढूळ हिरवं नाही, काचेच्या बाटलीसारखं. आणि त्यातून सरळ उभे डोंगर, चुनखडीचे सुळके, काही तर पाण्यातून थेट शेकडो मीटर वर गेलेले, उभ्या कड्यावरसुद्धा झाडं चिकटलेली. एके ठिकाणी तीन सुळके शेजारी शेजारी उभे आहेत, तिथे सगळ्या बोटी थांबतात, फोटो होतात. आम्हीही काढले, त्याबद्दल जास्त बोलायला नको.

मला जास्त लक्षात राहिलं ते वेगळंच. बोट एका अरुंद फाट्यात शिरली, इंजिन बंद झालं, आणि पाण्यातून वाळलेली खोडं वर आलेली दिसली. पांढरी पडलेली, फांद्या गेलेली, नुसते खांब. कॅमेरेवाले काका म्हणाले, वा, काय फ्रेम आहे. पी म्हणाला, ही झाडं आहेत, आपण शेंड्यांवर आहोत.

म्हणजे हा तलाव निसर्गाचा नाहीच. खाली क्लोंग साएंग नावाच्या नदीची दरी होती, जंगल होतं, गावं होती, शेती होती. धरणाचं दार बंद झालं आणि पाणी चढत गेलं, साधारण 165 चौरस किलोमीटर बुडालं. गावातली शेकडो कुटुंबं उठवून दुसरीकडे वसवली. आता तलावात जी बेटं दिसतात ना शंभरेक, ती बेटं नाहीत, डोंगरांचे माथे आहेत. ताई एकदम गप्प झाली. आमच्या मावशीचं सासर धरणात गेलेलं, मावशी अजून सांगते की स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या दिशेला होती. ताईने पाण्यात हात घातला, मघाशी जी बोटीच्या मधून हलत नव्हती ती, आणि बराच वेळ तसाच ठेवला.

आणि माणसांना निदान निघा म्हणून सांगता येतं. प्राण्यांना कोण सांगणार? पाणी चढायला लागलं तसे प्राणी टेकड्यांवर गेले, मग टेकड्यांची बेटं झाली, मग बेटं लहान होत गेली. तेव्हा सुएब नाखासाथियन नावाचा एक वन अधिकारी बोट घेऊन त्यांना वाचवायला उतरला. बजेट तुटपुंजं, माणसं मोजकी, झाडाच्या शेंड्याला अडकलेली माकडं, पोहून दमलेली हरणं, साप, जे हाताला लागेल ते पकडून जंगलात सोडायचं. तेराशेच्या वर प्राणी त्यांनी बाहेर काढले. ऐकायला मोठा आकडा वाटतो, पण त्यातलेही काही नंतर गेलेच आणि जे सापडलेच नाहीत त्यांची मोजदाद कोण करणार. सुएब यांचं मत पक्कं झालं की धरणाने बुडालेलं जंगल असं वाचवता येत नाही, आणि पुढे दुसऱ्या एका धरणाविरुद्ध, नाम चोआन त्याचं नाव, ते उभे राहिले, ते धरण 1988 साली बारगळलं. 1990 मध्ये त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. थायलंडमध्ये आजही जंगलाचा विषय निघाला की त्यांचं नाव निघतं. हे सगळं पीने एवढ्या तपशिलात सांगितलं नाही हां, त्याने नाव घेतलं आणि हात जोडले, बाकीचं मी परत आल्यावर वाचून काढलं.

जेवण तरंगत्या घरांवर. बांबूचे आणि लाकडाचे तराफे, त्यावर छोट्या खोल्या ओळीने, मधे मोठं छप्पर. तळलेला मासा, भात, नारळाच्या दुधातली हिरवी करी, अननस. बाकीचे पाण्यात उड्या मारत होते, मी कयाक घेऊन जरा आडबाजूला गेलो. तिथे वर झाडावर काळसर माकडं, डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळं, जशी काही चष्मा लावून पेपर वाचतायत. आणि एक धनेश गेला डोक्यावरून, पंखांचा आवाज इतका मोठा की मला आधी वाटलं कोणीतरी मागून जोरात वल्ही मारत येतंय.

मग गुहा. नाम थलु म्हणतात तिला, पाणी आरपार जातं ती. म्हणजे खरंच एका बाजूने ओढा डोंगरात शिरतो आणि दुसऱ्या बाजूने निघतो, आणि आपण त्याच्याबरोबर चालायचं, कुठे घोट्यापर्यंत पाणी, कुठे छातीपर्यंत, एकदोन ठिकाणी चक्क पोहायचं, डोक्यावर टॉर्च. पावसाळ्यात पार्कवाले ती बंदच ठेवतात. कारण 2007 च्या ऑक्टोबरमध्ये आत ग्रुप असताना अचानक लोंढा आला आणि पर्यटक आणि गाईड मिळून आठ जण गेले.

हे कसं होतं ते समजून घ्या, कारण बाहेर पाऊस नाही म्हणजे आत धोका नाही असं आपल्याला वाटतं. चुनखडीचा डोंगर म्हणजे चाळणी. पाऊस पडतो कुठेतरी वर, लांब, तुमच्या डोक्यावर ऊन असतं, ते पाणी भेगांमधून, भोकांमधून खाली उतरतं आणि सगळं मिळून त्या एका अरुंद बोळात येतं. मोकळ्या नदीत पाणी पसरायला जागा असते, इथे दोन्हीकडे भिंती, मग ते फक्त वर चढू शकतं.

बोटीने पलीकडच्या काठावर उतरलो आणि जंगलातून चालायला लागलो. ताई म्हणाली होती, तू जा, मी तराफ्यावर बसते, पण शेवटच्या क्षणी बूट घालून आलीच. दमट इतकं की चष्मा पुसून उपयोग नाही, बांबू, वेली, जळवा थोड्या. वीसेक मिनिटांनी पहिला ओढा. पी थांबला. पाण्याचा रंग कोऱ्या चहासारखा होता आणि त्यावरून पानं वाहत येत होती, हिरवी पानं. वाळलेली नाही, हिरवी, म्हणजे ताजी तुटलेली. त्याने एक काडी तोडून काठावर पाण्याच्या रेषेला खोचली, मग खाली बसला आणि खिशातून केळं काढून खायला लागला. आम्ही सगळे बघतोय. दहा मिनिटं गेली असतील. काडीवर पाणी बोटभर चढलं होतं.

उठला आणि म्हणाला, नो केव्ह टुडे.

कॅमेरेवाले काका भडकले. आकाश दाखवलं, निळं स्वच्छ, एक ढग नाही. पैसे भरलेत म्हणाले, इतक्या लांबून आलोय म्हणाले, निदान तोंडापर्यंत तरी चला म्हणाले. पीने वाद घातलाच नाही, नुसतं हसला आणि परत फिरून चालायला लागला. खरं सांगू, मीही मनातून नाराजच होतो. मी तर नवीन हेडलॅम्प घेतला होता. आपल्याकडे कसं आहे, गाईड चांगला म्हणजे जास्त दाखवणारा, जवळ नेणारा, नियम थोडा वाकवणारा. हा माणूस नाही म्हणाला आणि वर टीप जाण्याचीही तयारी ठेवून म्हणाला. मला आता वाटतं त्याच्या सगळ्या दिवसाच्या मजुरीतलं खरं काम ती दहा मिनिटंच होती, केळं खाल्ली ती.

तो आम्हाला दुसऱ्या गुहेत घेऊन गेला, पकारंग, म्हणजे प्रवाळ. परत बोट, मग टेकडी ओलांडून चाल, मग आतल्या एका छोट्या तळ्यावर बांबूचा तराफा, पायाखाली पाणी बुळूक बुळूक वर येतं, पायमोजे ओले. गुहा लहान आणि कोरडी, आत ओढा नाही. छतावरून चुन्याचे सुळके लोंबलेले, काही पडद्यासारखे, टॉर्च मारला की साखरेसारखे चमकतात. असा एक सुळका सेंटिमीटरभर वाढायला शंभर वर्षं सहज लागतात, आणि हात लावला की आपल्या बोटांचं तेल बसून तिथली वाढ खुंटते, म्हणून हात मागे बांधून फिरायचं, म्युझियममधल्या शाळकरी पोरांसारखं. सगळे टॉर्च बंद करायला लावले. असा अंधार घरात लाईट गेल्यावरचा नाही, डोळे उघडे की मिटलेले तेच कळत नाही. लांब कुठेतरी थेंब पडत होता. ताई आकडे मोजायला लागली, हळू आवाजात, एक, दोन, तीन, आणि सत्तावीसवर पुढचा थेंब पडला. परत मोजलं तर परत सत्तावीस.

अधेमधे विचारतात लोक म्हणून सांगतो, जायचं तर डिसेंबर ते मार्च बरं, तेव्हा पाऊस कमी. फ्लोटर्स चालतात पण पाण्यात निसटणारी चप्पल अजिबात नको. मोबाईलला पाणी न शिरणारी पिशवी घ्या. आणि प्लास्टिकच्या पिशव्या नेऊ नका, तिथल्या नॅशनल पार्कमध्ये बंदी आहे.

तर परतीचा प्रवास. आता तुम्ही वाट बघत असाल की पाऊस आला, लोंढा आला, आणि काका गाईडच्या पाया पडले. तसलं काही झालं नाही. संध्याकाळपर्यंत ऊन कडक होतं, तलाव नुसता चमकत होता, आणि काका पूर्ण रस्ता, बघा बघा, एक थेंब नाही, असं सगळ्यांना ऐकवत होते. शेवटी धक्क्यावर उतरताना मी पीला विचारलंच, म्हटलं पी, मग गेलो असतो तर चाललं असतं का?

त्याने विचार केला, खरंच विचार केला, आणि म्हणाला, मेबी.

बास, एवढंच. उद्या सकाळी सहाला परत जाणार होता, काडी बघायला. ताईने त्याच्या हातात टीप ठेवली, किती ते मला अजूनही सांगितलेलं नाही, आणि मग त्याला मराठीतच विचारलं, दादा, हे पाणी तापीलाच जातं ना? त्याला फक्त तापी एवढंच कळलं. तापी, तापी, म्हणाला आणि धरणाच्या खालच्या बाजूला हात केला.

चला, वेळ झाली माझी, नमस्कार मंडळी.