म्यान टाकून देऊ नका

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'मोरो तलवार कशी ओळखावी'. ओळखू की! पण आधी माझी तक्रार ऐका, घरी आता ती कुणी ऐकत नाही.

ही नागमोडी तलवार म्हणजे क्रिस. फिलिपिन्सच्या दक्षिणेला मिंदानाव नि सुलू बेटं आहेत, तिथल्या मुसलमानांची. स्पॅनिश लोक तिथे पोचले तेव्हा त्यांना घरचे मूर आठवले, म्हणून हे 'मोरो'. माणूस परदेशी जाताना लोणचं नेतो तसा शत्रूही घरूनच नेतो! १८९९ला अमेरिकन फौजा तिथे उतरल्या. १९०६ची बुद दाजो, १९१३ची बुद बागसाक, या नुसत्या म्हणायला लढाया. या दोन्ही डोंगरांवर बायकापोरंही मारली गेली. परतणाऱ्या शिपायांनी तलवारी आठवण म्हणून आणल्या, नि त्या आज आपल्या न्यू जर्सीत जुन्या घरांच्या सामानविक्रीत निघतात.

माझी अशीच मिळाली. विकणाऱ्या बाईंनी तलवार कागदात गुंडाळून दिली आणि म्यान कचऱ्याच्या पिशवीत टाकायला निघाल्या. फळ्या सुट्या झालेल्या, वेताचे वेढे तुटलेले. मी ते जवळजवळ हिसकावूनच घेतलं.

आता तक्रार. मागच्या नवरात्रात सासरे साताऱ्याहून आले होते. खंडेनवमीला आमच्याकडे एरवी लॅपटॉप आणि स्क्रूड्रायव्हर पुजतात. त्या वर्षी घरात खरं शस्त्र! मी कामावरून येईपर्यंत बाबांनी पॉलिशपेपरनं एका बाजूचं निम्मं पातं घासून लख्ख केलं होतं. "केवढा गंज चढू दिलात, जावईबापू!" अहो, गंज कसला, ती शंभर वर्षांची काळसर झाक होती! पण सासऱ्यांना काय बोलणार? "छान झालंय, बाबा," म्हटलं. हसू नका, तुम्हीही हेच म्हणाला असतात.

मग त्याच तलवारीनं लिंबू कापलं, हळदकुंकू वाहिलं आणि ती रात्रभर पाटावर राहिली. सकाळी बघतो तर जिथे रस ओघळला होता, तिथे पोलादात लाकडासारख्या करड्या रेषा! निरनिराळ्या पोलादाचे थर एकत्र ठोकून हे पातं घडवलेलं असतं. आंबटानं एक थर जास्त काळा पडतो, दुसरा कमी. मोरो लोकही आंबट फळांच्या रसानंच ही नक्षी उठवत. म्हणजे बाबांनी पातं नासवलं ते नासवलं, वर त्याचं गुपितही फोडलं. मी मात्र नंतर ते धुतलं, खाण्याचा सोडा चोळला, कोरडं केलं, तेल लावलं. लिंबू पोलादावर मुक्कामाला ठेवायचं नसतं.

पाच मिनिटं? बरं, ओळखायचं कसं ते पळत पळत सांगतो. पात्याच्या बुडाशी हा रुंद तुकडा दिसतो, त्याला जावा बेटावरच्या क्रिसमध्ये गांजा म्हणतात. हसून घ्या. मोरो लोकांचा गांग्या. तो वेगळा असून जोडाची रेघ सरळ असेल तर पातं बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं किंवा त्याआधीचं. रेघ टोकाला तिरकी वळली तर नंतरचं. जोड नाहीच, नुसती रेघ कोरलीय, तर बहुधा विसाव्या शतकातलं. वळणं मोजू नका, त्यातून वय कळत नाही. जावाची क्रिस भोसकायची कट्यार, ही वार करायची तलवार. म्हणून मुठीत जाणारा दांडा चौकोनी, आणि पातं फिरू नये म्हणून ही धातूची पकड, असांग-असांग. मूठ राळेत बसवलेली, आपल्या तलवारीसारखीच. मुठीचं डोकं काकाकुव्याचं.

आणि म्यान! गांग्या एका बाजूला लांब, दुसऱ्या बाजूला आखूड, म्हणून म्यानाच्या तोंडाला त्याच मापाची खाच असते. हे पातं तिथे चपखल बसलं, तेव्हाच कळलं की दोघं एका घरची. एक फळी गडद, दुसरी फिकी. कधीतरी कुणीतरी बदललेली. ती मी तशीच ठेवली. वेत भिजवून ओला गुंडाळला, वाळताना तोच आवळला. गोंदाचा थेंब नाही.

म्यान फिरवतो, हातात घेऊन बघा. तलवार माझ्यापाशीच राहील. बाबा यंदाही आलेत, पहिल्या रांगेत बसलेत.