पत्ता बदलण्याआधीचा कोड

आज बोलायचंय ते लिनक्सच्या ६४ बिट एक्स८६ कर्नलबद्दल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याबद्दल, आणि त्यातही फक्त पहिल्या काही हजार इन्स्ट्रक्शन्सबद्दल. दाबलेली कर्नल इमेज उलगडणाऱ्या डीकॉम्प्रेसरचं काम संपून कर्नलचा पहिला कोड, स्टार्टअप_६४, सुरू होतो, तिथून पुढे.

कर्नल लिंक होतो, म्हणजे त्यातले पत्ते ठरवले जातात, तो व्हर्च्युअल पत्त्यांच्या अगदी शेवटच्या २ जीबीत राहण्यासाठी. मेमरीत मात्र तो, जागेचं रँडमायझेशन (केएएसएलआर) बंद असेल तर, साधारण १६ एमबीवर बसलेला असतो. व्हर्च्युअल पत्ता मेमरीतल्या खऱ्या, फिजिकल पत्त्याशी जोडतं ते पेज टेबल. त्या वेळच्या पेज टेबलात व्हर्च्युअल आणि फिजिकल पत्ता एकच असतो आणि वरच्या पत्त्यावर काहीच नसतं. ते वरचं पेज टेबल बांधायचं कामही याच कोडचं. कोड अजून खालच्या पत्त्यावर चालतोय हे कंपायलरला माहीत नसतं. एखाद्या ग्लोबल व्हेरिएबलचा पत्ता घ्यायला तो चालू इन्स्ट्रक्शनपासूनचं अंतर वापरेल किंवा लिंकरने ठरवलेला आकडा सरळ भरेल. दोन्ही त्याच्या लेखी बरोबर. दुसरं केलं की पेज फॉल्ट, कारण तो पत्ता पेज टेबलात नाही. त्याला हँडलर नाही, म्हणून डबल, मग ट्रिपल फॉल्ट आणि मशीन रीसेट. पडद्यावर एक अक्षर येत नाही.

म्हणून इथला कोड पोझिशन-इंडिपेंडंट, म्हणजे कुठल्याही पत्त्यावर चालेल असा ठेवतात. २०२५ मध्ये तो आर्क/एक्स८६/बूट/स्टार्टअप या वेगळ्या फोल्डरात हलवायला सुरुवात झाली, ते याचसाठी. पण तेवढ्याने भागत नाही. समजा, तुम्ही स्ट्रिंग पॉइंटर्सचा एक स्टॅटिक अ‍ॅरे केला. अ‍ॅरेपर्यंत कोड नीट पोचतो, पण आतले पॉइंटर लिंकरने भरलेले, वरच्या पत्त्याचे. पहिली स्ट्रिंग वाचायला गेलात की संपलं. स्विचमध्येही हेच होऊ शकतं: केस वाढल्या की कंपायलर गुपचूप जंप टेबल, म्हणजे उडीच्या पत्त्यांची यादी, करतो, म्हणून ती बंद ठेवायची. बदल केल्यावर रीडएल्फ या टूलने ऑब्जेक्ट फाइलची रिलोकेशन्स, म्हणजे लिंकरने भरायच्या पत्त्यांच्या नोंदी, बघा. ३२एस किंवा नुसतं ६४ प्रकारचं, म्हणजे पत्ता सरळ भरणारं, दिसलं तर थांबा.

बीएसएसचं, म्हणजे सुरुवातीची किंमत न दिलेल्या व्हेरिएबल्सच्या सेक्शनचं, वेगळंच. तो पुढे एकदा शून्याने पुसला जातो. त्याआधी तिथे लिहिलेलं काही उरत नाही. जपायची किंमत डेटा सेक्शनमध्ये ठेवा.

कंपायलरची नवी आवृत्ती आली की हा कोड पुन्हा तपासायचा. २०२० चं जीसीसी १० या कंपायलरचं उदाहरण घ्या. बाकीचे सीपीयू स्टार्ट_सेकंडरी या फंक्शनमधून सुरू होतात आणि त्यातच मधे स्टॅक कॅनरीची, म्हणजे स्टॅक बिघडलाय का ते फंक्शनच्या शेवटी तपासायला ठेवलेल्या खुणेची, किंमत बदलली जाते. फंक्शन कधी परतत नाही, त्यामुळे शेवटची तपासणी कधी चालतच नसे. जीसीसी १० ने शेवटच्या कॉलचा टेल कॉल, म्हणजे परत न येणारी सरळ उडी, केला, तपासणी उडीच्या आधी आली, जुनी किंमत नवीशी जुळेना आणि कर्नल पॅनिक. उपाय एका ओळीचा: त्या कॉलनंतर मेमरी बॅरियर (मेमरीच्या वाचन-लेखनाचा क्रम राखणारी सूचना), म्हणजे तो शेवटचा कॉल राहत नाही. शेजारी कॉमेंट लिहायलाच हवी, नाहीतर कोणीतरी 'निरुपयोगी' म्हणून ती ओळ काढणारच.

डीबगिंगला क्यूएमू हा मशीन एम्युलेटर घ्या: नो-केएएसएलआर, नो-रीबूट आणि इंटरप्ट लॉग हे पर्याय लावून. जीडीबी या डीबगरमध्ये साधा ब्रेकपॉइंट लावू नका, तो डीकॉम्प्रेस होणाऱ्या इमेजखाली पुसला जातो. हार्डवेअर ब्रेकपॉइंट लावा, तोही फिजिकल पत्त्यावर. खऱ्या मशीनवर सीरियल पोर्ट असेल तर त्याच्या हेक्स ३एफ८ या पत्त्यावर टप्प्याटप्प्याने एकेक अक्षर पाठवा. शेवटचं आलेलं अक्षर कोड कुठपर्यंत पोचला ते सांगतं.