पडीक मळीतली भांगलण

नमस्कार श्रोतेहो. आज भांगलणीविषयी, म्हणजे शेतातलं तण काढण्याविषयी, बोलायचंय.

कृष्णाकाठच्या माणसाला मळी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पुरानं वर्षानुवर्षं आणून बसवलेली, मुठीत घेतली तर पिठासारखी सुटणारी माती. आपल्याकडची वांगी नाव कमावून आहेत ती या मातीमुळं. भिलवडीच्या पट्ट्यात आमचा असा सहा गुंठ्यांचा तुकडा आहे. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, तिथं पस्तीस-चाळीस वर्षं वांगी लावायच्या. कडेला मेथी, कोथिंबीर, घेवड्याचा एखादा वेल. घरी वांग्याची भाजी असली की पाहुणा आग्रहाशिवाय दुसरी भाकरी घ्यायचा.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या तुकड्यावर किती दिवस पाणी होतं ते मोजायला कोण तिकडं जाणार? पाणी ओसरल्यावर गुडघाभर गाळ, त्यात रुतलेली काटेरी झुडपं आणि कुणाच्या कुणाच्या घरातल्या वस्तू. त्याच वर्षी सासरे गेले. तुकड्याकडं जायचं कुणाच्या मनात येईना. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला आणि ती जमीन पडली ती पडलीच.

मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा ठरवलं, हा तुकडा परत पिकाखाली आणायचा. पाहायला गेले तर आत पाऊल टाकायला वाट नव्हती. बांधाकडून घाणेरी आणि बोराटी एकमेकींत गुंतलेल्या. मधल्या भागात छातीइतकं काँग्रेस गवत. त्याच्या बुडाशी हराळीची सतरंजी. आणि खालच्या कोपऱ्यात, जिथं पावसाळ्यात पाणी साचतं, तिथं लव्हाळा.

पहिल्या वर्षी आम्ही केलं ते चुकलं, आणि ती चूक मी आज मुद्दाम सांगणार आहे, कारण आजूबाजूला दर उन्हाळ्यात ती होताना दिसते. आम्ही वरवर झुडपं तोडली, ट्रॅक्टर सांगितला आणि रोटर फिरवून घेतला. तासाभरात जमीन अशी दिसायला लागली की आत्ता वाफे पाडावेत. मला भरून आलं होतं. पहिला पाऊस झाला आणि पंधरा दिवसांत सगळा तुकडा हिरवागार. हराळीच! पूर्वी जिथं नव्हती तिथंसुद्धा.

याचं कारण साधं आहे. हराळीच्या जमिनीखालच्या काशांना, म्हणजे मुळांसारख्या आडव्या पसरणाऱ्या दांड्यांना, बोटा-दीड बोटावर पेर असतं आणि प्रत्येक पेराला डोळा असतो. उसाची कांडी लावतो तेव्हा आपण काय करतो? डोळा बघून तुकडा करतो आणि मातीत पुरतो. रोटरनं आमच्या हराळीची नेमकी तशीच लागण करून दिली होती. ट्रॅक्टरवाल्याचा यात दोष नाही, त्याला सांगितलं ते त्यानं केलं. तण कुठं जगतं हे आम्ही पाहिलं नव्हतं.

श्रोतेहो, तण कुठं जगतं, हाच प्रश्न मी तुमच्यापुढं ठेवायला आलेय. पानात तर कुठलंच जगत नाही. काँग्रेस जगतं बियांत. हराळी काशांत. लव्हाळा गाठींत. घाणेरी आणि बोराटी बुडख्यात. तुम्ही वरचं कापलंत म्हणजे त्याची हजामत केलीत, एवढंच.

घाणेरीचं आधी सांगते. काही गावांत हिला टणटणी म्हणतात. रंगीबेरंगी फुलांसाठी इंग्रजांच्या काळात हिला या देशात बागेत आणून लावली, आणि आज सह्याद्रीच्या उतारांवर हिनं कुरणंच्या कुरणं गिळलीत. कोयत्यानं कापली की दुप्पट फुटव्यांनी येते. तिला काढायची रीत अशी: एकानं बेळक्यानं, म्हणजे टोकाला दोन फाटे असलेल्या काठीनं, फांद्या वर उचलून धरायच्या, दुसऱ्यानं बुडाभोवतीची माती उकरायची आणि मुख्य मूळ जमिनीच्या खाली चार बोटं, जमलं तर वीतभर, कुदळीनं तोडायचं. फुटायची ताकद तिच्या त्या वरच्या बुडख्यातच असते, त्याच्या खालून फुटत नाही. मग अख्खं झुडूप उलटं करून ठेवायचं, मुळं आभाळाकडं. बुडखा मातीला टेकला तर पुन्हा धरेल. आणि तोडलेल्या फांद्या शेळ्या-गुरं येतात तिथं टाकू नका. घाणेरीचा पाला पोटात गेला तर जनावराच्या काळजाला म्हणजे यकृताला इजा होते आणि उन्हात त्याची कातडी भाजल्यासारखी होते.

जतकडचे, आटपाडीकडचे श्रोते म्हणतील, आमच्याकडं घाणेरी कुठली, वेडी बाभूळच. तिलाही हेच लागू आहे. बुडखा ठेवून तोडली तर तुम्ही तिला नुसती छाटणी दिलीत.

दाट झुडपात हात घालण्यापूर्वी मात्र थांबा. लांब काठीनं आपटत जा, पाय दाबून टाकत जा. आपल्या भागात घोणस पालापाचोळ्यात वेटोळं करून असते आणि ती सहसा जागची हलत नाही, तिथंच फुसफुसते. कुकरच्या शिट्टीसारखा तो आवाज आला की मागं सरा. आम्हाला एकदा दिसली. आम्ही त्या दिवशी काम बंद ठेवलं, दुसऱ्या दिवशी ती नव्हती. दंश झालाच तर ब्लेडनं कापणं, आवळून बांधणं, मंत्र घालणं, यात एक मिनिटही घालवू नका; पाय न हलवता थेट सरकारी दवाखाना. शिराळ्याच्या जिल्ह्यात राहतो आपण, नागपंचमीला मातीत खुरपं घालत नाही. बाकीच्या दिवशी निदान बघून घालावं.

काँग्रेस गवताला मी कमी वेळ देते, कारण ते दिसायला भयंकर आणि काढायला सगळ्यात सोपं. १९५५ साली पुण्यात त्याची पहिल्यांदा नोंद झाली आणि आता ते नाही असा बांध दाखवा. एक भरलेलं झाड हजारोंनी बी टाकतं. म्हणून एकच नियम: पांढरं फूल दिसायच्या आत, जमीन ओली असताना, मुळासकट उपटायचं. हातमोजे घाला, पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, नाकाला फडकं बांधा. अंगाला खाज, चट्टे आणि काहींना दमा यापायी होतो. फुलापूर्वी उपटलेलं खुशाल खतात टाका. फुलावर आलेलं टाकलंत तर पुढच्या वर्षी शेणखताबरोबर तेच शेतात पसराल. पावसाळ्यात त्याच्या पानांवर मळकट पांढरा, काळपट रेघांचा छोटा भुंगेरा दिसला तर मारू नका. मेक्सिकोतून आणून १९८४ मध्ये बंगळुरूकडं मुद्दाम सोडलेला आहे तो, काँग्रेस खाण्यासाठी.

आता हराळी आणि लव्हाळा. खरी लढाई इथं आहे.

दुसऱ्या उन्हाळ्यात आम्ही सहा गुंठ्यांचा नाद सोडला. दोनच गुंठे धरले. शेजारचे तात्या म्हणाले, "बाई, सगळं एकदम उघडं करू नका. जेवढं झाकता येईल तेवढंच उघडं करा." मला वाटतं, या कामातलं एवढं मोलाचं वाक्य मी दुसरं ऐकलं नाही. एप्रिलमध्ये टिकावानं आणि पहारीनं वीत-दीड वीत खोल खणलं. ढेकळं फोडली नाहीत, तशीच उलटी पडू दिली. आठ दिवस ऊन खाऊ दिलं. मग दाताळ्यानं आणि हातानं काशा वेचल्या. काशी तुटू न देता ओढायची, माती झटकायची, पाटीत टाकायची. पुन्हा खणायचं, पुन्हा ऊन, पुन्हा वेचणी. दोन गुंठ्यांतून काशांच्या सोळा पाट्या निघाल्या. त्या बांधावर टाकल्या नाहीत. घरासमोरच्या फरशीवर वाळवून कडकडीत झाल्यावरच खड्ड्यात गेल्या.

लव्हाळा याहून चिवट. वरचं पातं उपटलं की खाली गाठ राहते, आणि त्या गाठीला धाग्यासारख्या मुळानं दुसरी, दुसरीला तिसरी, अशी माळ असते. वरची तोडली की खालच्या जाग्या होतात. त्याचं टोक इतकं अणकुचीदार की अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदाला भोक पाडून वर येतं. पण दोन गोष्टी त्याला सोसत नाहीत. एक, उघड्यावर पडलेली गाठ वैशाखाच्या उन्हात सुकून मरते. दुसरी, सावली. आणखी एक: आमचा लव्हाळा पाणी साचायचं त्याच कोपऱ्यात होता. तिथं आधी चर काढून पाण्याला वाट दिली. ते केलं नसतं तर बाकीचं सगळं फुकट होतं.

वळीव पडल्यावर लगेच पेरलं नाही. उरलेलं सगळं तण उगवू दिलं, दोन पानांवर आलं की खुरप्यानं वरच्यावर खरवडलं, खोल न जाता. खोल गेलं की खालचं नवं बी वर येतं. मृग लागल्यावर दोन गुंठ्यांना सव्वा किलो ताग दाट फोकला. महिनाभरात कमरेच्या वर गेला, आणि त्याच्या खाली वाकून पाहिलं तर लव्हाळा पिवळा, लांबुडका, उन्हासाठी धडपडणारा. तागाच्या कळ्या दिसल्या, साधारण पंचेचाळीस दिवस झाले होते, तेव्हा तो कापून तिथंच गाडला. वर उसाचं पाचट चार बोटं जाड अंथरलं. पाचट आपल्याकडं जाळतात, ते पाहून जीव तुटतो. मागाल तितकं फुकट मिळणारं पांघरूण आहे ते.

तणनाशकाचं लोक विचारतात. ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्र सरकारनं २०२२ मध्ये बंधनं घातली, हे तुम्हाला माहीत असेल. पण माझं म्हणणं वेगळं आहे. सहा गुंठ्यांची घरची भाजी आहे. शेजारी नदी आहे. मला ते नको वाटलं. घोळ, केना, तांदुळजा, पाथरी ह्या भाज्या त्याच मातीत आपण होऊन येतात आणि आत्याबाई त्या पदरात गोळा करून आणतात. फवाऱ्याला त्यातला फरक कळत नाही.

आणि भांगलणीविषयी एक बोलायचंच आहे. आपल्याकडं भांगलण बाईच्या वाट्याला. दिवसभर उकिडवं बसून, ओळीनं पुढं सरकत. हराळी पावसाळ्यात पिकात घुसली की तिला खुरप्यानं काढणं म्हणजे त्या बाईची कंबर मोडणं. तेच काम उन्हाळ्यात कुदळीनं, पुरुषांच्या हातानं, पीक नसताना झालं तर पुढची अर्धी भांगलण उरतच नाही. माझ्या दोन्ही मुलांनी सुट्टीत येऊन खणलं, म्हणून हे मी हक्कानं सांगतेय.

भाद्रपदात पुराची भीती सरली तेव्हा आम्ही अडीच-अडीच फुटांवर वांग्याची रोपं लावली. हराळीचे चुकार कोंब यायचेच. दर आठवड्याला एक फेरी, दिसला की बोटानं मुळापर्यंत जाऊन काढायचा. दिवाळीनंतर पहिली वांगी उतरली.

गेल्या वर्षी आणखी दोन गुंठे मोकळे केले. शेवटचे दोन अजून तसेच आहेत. महाशिवरात्र झाली की तिथं कोयता लागेल. बांधाची एक बोर मात्र ठेवणार आहोत. तिच्यात सुगरणीची दोन घरटी लोंबताहेत, आणि आत्याबाईंनी बजावलंय की बोरं सगळी उतरल्याशिवाय तिच्या आसपास कुणी कुदळ आणायची नाही.

नमस्कार.