मेलेल्या अ‍ॅशचं लाकूड विकायचं कसं

अ‍ॅशचं झाड आपल्या ओळखीचं नाही, पण क्रिकेटचे स्टंप आहेत. ते परंपरेनं याच लाकडाचे करतात. अमेरिकेत बेसबॉलच्या बॅटी, फावड्याचे दांडे, घरातली जमीन, फर्निचर, सगळ्याला अ‍ॅश चाले. २००२ मध्ये मिशिगनमध्ये डेट्रॉइटजवळ एमराल्ड अ‍ॅश बोअरर हा पूर्व आशियातला हिरवा चकचकीत भुंगेरा सापडला. त्यानं तिथली कोट्यवधी झाडं मारली.

कीड लागली म्हणजे लाकूड आतून पोखरलं, असं गिऱ्हाईक धरून चालतं, आणि भाव तिथेच पडतो. हा गैरसमज आधी काढायला हवा. या भुंगेऱ्याची अळी सालीखालचा अन्नरसाचा थर खाते. झाड उपाशी मरतं. कोषासाठी ती लाकडात शिरली, तरी जेमतेम अर्धा इंच. म्हणून साल आणि तिच्याखालचं अर्धा इंच लाकूड काढलं, की कीडही गेली. आतली फळी शाबूत असते.

पण ती फार दिवस तशी राहत नाही. उभ्या उभ्या वाळलेला अ‍ॅश ठिसूळ होतो, फांद्या अवचित तुटतात, त्यावर माणूस चढवणं धोक्याचं. पुढे भेगा, बुरशी, दुसरे किडे. बुरशीनं आधी जाते ती धक्का सोसण्याची ताकद, तीही डोळ्यांना काही दिसायच्या आत. त्यामुळे बराच काळ मरून उभ्या असलेल्या झाडाचं लाकूड दांड्यांसाठी किंवा बॅटींसाठी कुणाला देऊच नये. टेबल, कपाट, भिंतीचं पॅनेल यासाठी द्यावं.

तोड थंडीत करावी आणि ऊन तापायच्या आत ओंडके चिरावेत, नाहीतर पांढऱ्या लाकडावर करडे डाग चढतात. कापल्या दिवशीच ओंडक्याच्या दोन्ही टोकांना मेण लावावं. एक इंची मालासाठी फळी सव्वा इंचाच्या आसपास काढावी. सुकताना आकसते, रंध्यातही जाते. थप्पी लावताना फळ्यांमध्ये पाऊण इंची पट्ट्या, सोळा-सोळा इंचांवर, वरपासून खालपर्यंत एका रेषेत. पट्ट्या ओळीत नसतील तर फळी वाकते. पट्टी ओली असेल तर तिच्याखाली करडा पट्टा उमटतो, आणि तो रंध्यानंही जात नाही. शेवटी भट्टीत ओलावा ६ ते ८ टक्क्यांवर आणावा, गाभ्यापर्यंत ६० अंश सेल्सिअस तासभर टिकवावं.

रस्त्याकडेचे ओंडके मोठ्या आरागिरण्या घेत नाहीत, कारण एक खिळा महागडं पातं खराब करतो. टोकाला निळसर-काळा डाग दिसला तर आत लोखंड आहे असं धरावं. मेटल डिटेक्टर तर फिरवायचाच. अशा मालाला जागेवर नेता येणारी, पट्ट्यासारख्या पात्याची बँडसॉ गिरणी बरी, तिचं पातं स्वस्त असतं.

बाहेरच्या कामाला साधा अ‍ॅश टिकत नाही, लवकर कुजतो. तोच वाफेत, १८० ते २१५ अंशांच्या दरम्यान भाजून घेतला तर गडद तपकिरी होतो, पाणी कमी पितो, डेकसाठी, म्हणजे घराबाहेरच्या लाकडी ओट्यासाठी, जातो. मात्र भाजल्यानं तो ठिसूळ होतो, म्हणून स्क्रूआधी भोक पाडावं, आणि भार पेलणाऱ्या जागी तो वापरू नये.

मिशिगनमधल्याच अ‍ॅन आर्बर शहरातलं ट्रॅव्हरवुड ग्रंथालय २००८ मध्ये उघडलं. त्याच जागेवरच्या मेलेल्या अ‍ॅशपासून तिथली जमीन, भिंती आणि खांब केले आहेत. खांबांची नुसती साल सोलली आहे. अळ्यांच्या नागमोडी खाचा त्यावर तशाच ठेवल्या आहेत. गिऱ्हाइकाला खाच लपवून माल विकू नये, बोट फिरवून तिची खोली पाहू द्यावी.