पोपटातला जीव आणि डायरीतला आत्मा

विषय कळल्यावर ओळखीच्या एका काकांनी विचारलं, "आत्म्यावर बोलणार, म्हणजे गीता का?" म्हटलं, "नाही काका, हॅरी पॉटर." आज ते आलेले दिसत नाहीत. यायला हवे होते, कारण गीतेपर्यंत आपण जाणारच आहोत.

पण आधी घरची गोष्ट. राक्षसाचा जीव पोपटात, पोपट पिंजऱ्यात, पिंजरा सातासमुद्रापार. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची मुलगी मेरी १८६५-६६च्या हिवाळ्यात वडिलांबरोबर दख्खनच्या दौऱ्यावर होती. सोबतची आया, ॲना लिबराता डिसूझा, तिला आपल्या आजीकडून ऐकलेल्या गोष्टी सांगायची. मेरीने त्या इंग्रजीत उतरवल्या आणि १८६८ साली त्यांचं पुस्तक निघालं. त्यातली पहिलीच गोष्ट पंचकिन नावाच्या जादूगाराची. दूर जंगलात झाडांचं रिंगण, मधोमध पाण्याने भरलेले सहा घडे एकावर एक, सगळ्यांत खालच्या घड्याखाली पिंजरा आणि त्यात हिरवा राघू. राजपुत्र तो राघू पळवून आणतो. राघूचा एक पंख उपटतो, की जादूगाराचा उजवा हात गळून पडतो. दुसरा पंख, डावा हात. मग एकेक पाय. शेवटी मान. ऐकणाऱ्या पोरांना यातलं काहीच क्रूर वाटत नसणार. मलाही लहानपणी वाटलं नव्हतं.

जेम्स फ्रेझर या अभ्यासकाने अशा गोष्टींना 'बाह्य आत्मा' या नावाखाली एकत्र केलं. मला तो शब्द खटकतो. पोपटात असतो तो जीव. मराठीत जीव लावता येतो, मुठीत धरता येतो, तो टांगणीला लागतो, भांड्यात पडतो. आत्मा भांड्यात पडला असं कुणी म्हणत नाही. जीव ही उचलून दुसरीकडे ठेवता येण्यासारखी वस्तू आहे.

हॅरी पॉटर लिहिणाऱ्या रोलिंगबाईंचा हॉरक्रक्स, म्हणजे मरण टाळण्यासाठी आत्म्याचा तुकडा जिच्यात दडवतात ती वस्तू, आपण वाचतो तेव्हा पटकन म्हणतो, अरे, हा तर आपलाच पोपट! मीही बरीच वर्षं तसंच म्हणत होतो. मग एक गोष्ट लक्षात आली. दुसऱ्या भागात हॅरी बॅसिलिस्क या महासर्पाचा सुळा अशाच एका हॉरक्रक्समध्ये, खलनायक वोल्डेमॉर्टच्या जुन्या डायरीत, खुपसतो. शाई भळाभळा वाहते, डायरीतून बाहेर आलेला सोळा वर्षांचा टॉम रिडल, म्हणजे शाळकरी वयातला वोल्डेमॉर्ट, किंचाळत नाहीसा होतो. आणि तिकडे खरा वोल्डेमॉर्ट? त्याला पत्ताच नाही. पंख उपटल्यावर हात गळणं सोडा, त्याला साधी कळसुद्धा येत नाही. डायरी नष्ट झाल्याचं त्याला नंतर दुसऱ्याकडून समजतं. राघू आणि जादूगार शेवटपर्यंत एकच होते. इथे तुकडा तुटला तो तुटलाच.

तो तुटतो कशाने, हे सहाव्या भागात स्लगहॉर्नसर सांगतात, तेही नाइलाजाने: खून केल्याने. तुकडा वस्तूत कोंडण्याचा मंत्र त्यानंतरचा. पंचकिनला जीव लपवण्यासाठी कुणाला मारावं लागलं, असं गोष्ट सांगत नाही. तो दुष्ट आहे, पण अख्खा आहे.

आता गीता. सातव्या भागात हॅरीची मैत्रीण हर्मायनी त्यांच्या मित्राला, रॉनला, समजावते, की मी तलवार घेऊन तुझ्या आरपार घातली तरी तुझ्या आत्म्याला काही होणार नाही. हे वाचताना मी पुस्तक मिटून बसलो होतो. 'नैनं छिन्दन्ति शस्त्राणि'! दुसऱ्या अध्यायातला तेविसावा श्लोक, तोही एका चिडचिड्या मुलीच्या तोंडून. पण त्याच्या चार श्लोक आधी गीता म्हणते, 'नायं हन्ति न हन्यते', हा मारत नाही आणि मारलाही जात नाही. यातलं दुसरं रोलिंगबाईंना मान्य आहे, पहिलं अजिबात नाही. त्यांच्या जगात मरणाऱ्याचा आत्मा शाबूत राहतो, चिरतो तो मारणाऱ्याचा. अर्जुनाला हे कुणी रथावर सांगितलं असतं तर त्याने गांडीव उचललं असतं का, मला शंका आहे.

भुतांबद्दल थोडक्यात. आपल्याकडे इच्छा राहिली की जीव घुटमळतो, पिंडाला कावळा शिवत नाही. तिकडचा निक, हॅरीच्या शाळेतलं भूत, मात्र मृत्यूला घाबरून स्वतःहून मागे राहिला, आणि आता धड इथलाही नाही, तिथलाही नाही. याच्या नेमकं उलट आत्मा शोषून घेणाऱ्या डिमेंटरच्या चुंबनाचं: हृदय चालू, मेंदू चालू, आत माणूस नाही. मला या जगात सगळ्यांत भीती वाटते ती याची, वोल्डेमॉर्टची नाही.

फाटलेला आत्मा परत सांधता येतो का? येतो, हर्मायनीने तेही वाचलेलं आहे. खराखुरा पश्चात्ताप व्हायला हवा, आणि त्याची वेदना इतकी की माणूस त्यात संपू शकतो. शेवटच्या लढाईत सगळे हॉरक्रक्स संपलेले असतात. हॅरी आणि वोल्डेमॉर्ट एकमेकांभोवती फिरतायत, कांड्या रोखलेल्या. तेव्हा हॅरी त्याला शाळेतल्या नावाने, रिडल म्हणून, हाक मारतो आणि म्हणतो, जरा पश्चात्ताप करून बघ. त्या रात्री हॅरी त्याला बरंच काही सुनावतो, पण वोल्डेमॉर्ट सगळ्यांत जास्त हादरतो तो या वाक्याने. पंचकिन "माझा राघू दे" म्हणून ओरडत होता, आणि राजपुत्राने "घे" म्हणत मान पिरगाळली होती.