वाटणीत कोण राहून गेलं?

जय ख्रिस्त सगळ्यांना. मागे बसलेल्यांनी जरा पुढे या बाप्पा, पंखा पुढेच आहे.

पाळकसाहेबांनी मला विषय दिला 'मंडळीतली प्रीती', म्हणजे आपल्या चर्चच्या माणसांतलं प्रेम. हा विषय भल्ला सोपा आहे असं वाटतं, बायबलातला प्रेमावरचा अध्याय, करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा, वाचायचा, दोन गाणी म्हणायची, आमेन, की चालले सगळे जेवायला. म्हणून मी तो अध्याय घेतच नाही. मी घेतो प्रेषितांची कृत्ये, म्हणजे येशूच्या शिष्यांनी पुढं काय केलं ते सांगणारं पुस्तक, त्याचा सहावा अध्याय, पहिल्या सहा ओळी. आपण त्या पटकन वाचून टाकतो, कारण सगळ्यांना पुढे विश्वासापायी जीव देणाऱ्या स्तेफनाच्या गोष्टीची घाई असते.

तिथं झालं काय, यरुशलेमची मंडळी म्हणजे नवी कोरी, पवित्र आत्मा उतरलेला, लोक शेतंघरं विकून पैसे प्रेषितांच्या पायाशी आणून ठेवतात, आणि अशा मंडळीत रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवा राहून जात होत्या. ह्यात कोणी दुष्ट होता असं तिथं लिहिलेलं नाही. माणसं वाढली, वाटणारे आपल्या भाषेतले, आपल्या ओळखीचे आधी पाहत असतील, बाकीच्या म्हाताऱ्या कोपऱ्यात राहिल्या. प्रेम होतं हो, पण प्रेमालाही विसर पडतो, त्याला यादी लागते.

मग कुरकुर झाली. आपल्याकडे कोणी कुरकुर केली की आपण काय म्हणतो? "ह्याच्यात नम्रता नाही, ह्याच्यासाठी प्रार्थना करा." प्रेषितांनी तसं केलं नाही, ते म्हणाले सात जण निवडा. त्या सातांची नावं वाचा, स्तेफन, फिलिप्प, शेवटचा तर बाहेरच्या अंत्युखिया शहराचा, सगळी नावं ग्रीक. म्हणजे बहुतेक ज्यांची तक्रार होती त्यांच्याच माणसांच्या हाती वाटणी देऊन टाकली. हे आपल्या मंडळीच्या कमिटीत होईल का सांगा! (हसू नका, कमिटीवाले इथंच बसले आहेत.)

आता आपल्या इकडे वाटणीत कोण राहतं ते पाहू. कापसाची वेचणी सुरू झाली की रविवारी सकाळी दहाच्या उपासनेला बाया दिसत नाहीत. वेचणीची मजुरी किलोवर असते, सकाळ गेली म्हणजे अर्धा पैसा गेला, आणि शेतमालक काही रविवार पाळत नाही. तरी व्यासपीठावरून ऐकू येतं, "काही जणींना देवापेक्षा कापूस मोठा झाला." करिंथच्या मंडळीत हेच चालू होतं, ज्यांना वेळ होता ते आधी येऊन जेवून घ्यायचे, पिऊनही घ्यायचे, आणि गरिबांच्या वाट्याला उपास. त्यांना पत्र लिहिणाऱ्या पौलाने काय सांगितलं, एकमेकांसाठी थांबा. एवढंच. मग वेचणीच्या दिवसांत उपासना संध्याकाळी सात वाजता ठेवायला काय हरकत आहे? दहा वाजताची वेळ काही सीनाय पर्वतावरून आलेली नाही.

हंगामाच्या सणाचंही तेच. कोणी तुरीचं पोतं आणतो, कोणी बकरा, मग लिलाव होतो, मोठ्या बोलीवाल्याचं नाव माईकवर तीनदा. आणि जिने ओट्यात बांधून अर्धी पायली ज्वारी आणली तिचं नाव घेतलं जात नाही. लिलाव बंद करा असं मी म्हणत नाही, मंडळीचं लाईटबिल त्याच्यातूनच भरलं जातं. फक्त नावं एक तर सगळ्यांची घ्या, नाही तर कोणाचीच नको.

पण मला जास्त बोलायचं आहे ते दुसऱ्याच एका घराबद्दल. आपल्या यवतमाळ-अमरावती पट्ट्यात ज्या घरातल्या शेतकऱ्याने जीव दिला, ते घर. आपल्या विश्वासणाऱ्यांतही अशी घरं आहेत, आपण त्याच्यावर बोलत नाही, कारण काही जणांना वाटतं की तो विश्वासात कमी पडला. हे बोलणं त्या बाईच्या कानावर जातं बरं का. पहिले आठ दिवस घर भरलेलं असतं, गाणी, प्रार्थना, कोणी पोळ्या आणतं कोणी वरण. नंतर? सातबारावर वारस नोंद करायला तलाठ्याकडे कोण जाईल तिच्यासोबत? सरकारची १ लाखाची मदत आहे, पण पात्र की अपात्र हे कागद पाहून ठरतं, जमीन कोणाच्या नावावर, कर्ज कोणाचं, आणि कर्ज गावातल्या सावकाराकडून तोंडी घेतलेलं असलं तर कागद येणार कुठून. जूनमध्ये बियाण्याला पैसे कोण देईल? तिला तेव्हा वचन पाठ असलेला माणूस कमी लागतो, तहसीलमध्ये तिच्या बाजूला दिवसभर बाकावर बसणारा जास्त लागतो. आणि बसताना उपकाराची भाषा नको.

दुसऱ्या मंडळीची बाई असली तर आपण जातच नाही, हे वेगळं. २९ नोव्हेंबर १९७० ला आपल्याच नागपुरात सहा मंडळ्या आपापली नावं सोडून एक झाल्या, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया तिथंच तयार झालं, आणि इथं तालुक्यात एका गल्लीत दोन प्रार्थनासभा आहेत तर स्पीकरचं तोंड एकमेकांकडे. जाऊ द्या.

तर आज जेवणाआधी एकच काम. प्रत्येक गावाने दोन नावं द्यायची, त्यातलं एक बाईचं, आणि शक्यतो ज्यांनी मागच्या वर्षी तक्रार केली त्यांच्यातलंच. त्या दोघांकडे एक वही राहील. दिवाळीपासून कोण आलं नाही, कोणाच्या घरी दुखणं आहे, कोणाचे कागद अडकले, एवढं लिहायचं, आणि महिन्यातून एकदा पाळकसाहेबांसोबत बसून कोण कुठं जाईल ते ठरवायचं. वही माईकवर वाचायची नाही, आणि कोण का आलं नाही ह्याच्या चर्चा पाणवठ्यावर करायच्या नाहीत. चला, नावं सांगा, आधी महिला मंडळाने.