स्टेंट बसला, आता वर्षभराची पथ्यं

श्रोतेहो, नमस्कार.

अँजिओप्लास्टी झाली की नातेवाइकांना फोन जातात: ब्लॉकेज काढला, आता काळजी नाही. आज बोलायचंय ते याच समजुतीबद्दल, कारण बहुतेकदा ब्लॉकेज काढलेला नसतोच. हृदयाच्या रक्तवाहिनीत साठलेला चरबीचा थर फुग्यानं तिच्या भिंतीशी दाबून बसवतात आणि परत पुढे येऊ नये म्हणून तिथे स्टेंट, म्हणजे धातूची बारीक जाळी, ठेवतात. जाळी कायम आतच राहते, आणि पुढची सगळी पथ्यं तिच्यासाठी असतात.

कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत, जाण्याआधी साधारण चार ते सहा तास उपाशी राहावं लागतं. रक्ततपासणीत क्रिएटिनिन पाहतात, त्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं, कारण एक्स-रेत रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून सोडलेला डाय मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल किंवा आधी कधी डायनं अंगावर पित्त उठलं असेल, तर ते आधीच सांगा. हल्ली बहुतेक ठिकाणी मनगटातल्या शिरेतून हृदयापर्यंत जातात. पेशंट जागाच असतो, भूल फक्त मनगटाला. तिथून सुमारे दोन मिलिमीटर जाडीची नळी आत जाते. शीर आखडू नये म्हणून जे औषध सोडतात, त्यानं हातात क्षणभर आग होते. डाय सोडताना अंगातून गरम लाट गेल्यासारखं वाटतं. फुगा फुगवलेला असताना छातीत दुखू शकतं, कारण तेवढे काही सेकंद तिथला रक्तप्रवाह थांबलेला असतो. घाबरू नका, पण सहनही करू नका. दुखतंय म्हणून लगेच सांगा.

नंतर मनगटावर पारदर्शक पट्टा बांधतात. त्यात सिरिंजनं दहा-पंधरा मिलिलीटर हवा भरलेली असते आणि तिच्या दाबानं छिद्र बंद राहतं. बोटांना मुंग्या येतात, हात जड होतो, आणि पेशंट म्हणतो, जरा सैल करा. नातेवाइकांनी पट्ट्याला हात लावू नये. सिस्टर ठरलेल्या वेळी दोन-तीन मिलिलीटर हवा काढतात, रक्त दिसलं तर परत भरतात. बोटं निळी किंवा गार पडली तर मात्र लगेच हाक मारा. मांडीतून केलं असेल तर पाय काही तास सरळच ठेवायचा. उठून बसायची घाई केली की तिथे रक्त साकळून गाठ येते.

घरी आल्यावर चार-पाच दिवस त्या हातानं पाण्याची बादली, गॅसचा सिलिंडर काही उचलू नका. मनगटातून रक्त आलं तर खाली बसा आणि बोटानं घट्ट दाबून धरा, दहा मिनिटं घड्याळ लावून. मध्येच उचलून बघू नका. थांबलं नाही तर दाब तसाच ठेवून 108 ला फोन.

आता रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या. अ‍ॅस्पिरिन आणि तिच्या जोडीला क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल. जाळीची तार जेमतेम केसाएवढी जाड, पण रक्ताच्या दृष्टीनं ती परकीच. हळूहळू तिच्यावर रक्तवाहिनीचं आतलं अस्तर चढतं. औषध लावलेल्या स्टेंटमध्ये हे अस्तर मुद्दाम सावकाश वाढू देतात, नाहीतर तेच वाढून वाट अडवेल. तोवर उघड्या तारेवर गुठळी होऊ शकते, आणि तशी झाली तर शीर काही मिनिटांत बंद होऊन मोठा झटका येतो. म्हणून झटक्यानंतरच्या स्टेंटला दोन्ही गोळ्या साधारण बारा महिने, ठरवून केलेल्या अँजिओप्लास्टीला बहुधा सहा महिने. रक्तस्रावाचा धोका असेल तर डॉक्टर हा काळ बदलतात. तो डॉक्टरांनीच बदलायचा.

गोळ्या बंद पडतात त्या अगदी साध्या कारणांनी. स्ट्रिप संपली आणि दुकान बंद होतं. दात काढायचा म्हणून कुणी थांबवायला सांगितलं. अंगावर काळेनिळे डाग दिसले, भीती वाटली. टिकाग्रेलॉरनं काहींना धाप लागते, आणि गोळी मनानंच सोडली जाते. अशा वेळी दुसरी गोळी देता येते, फोन करून विचारा. दात काढण्याआधी दंतवैद्यांना हृदयाच्या डॉक्टरांशी बोलायला लावा. बहुतेकदा गोळ्या चालू ठेवूनच दात काढता येतो. स्ट्रिपमध्ये सात दिवसांच्या गोळ्या उरल्या की पुढची आणा. एखादी चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका. क्लोपिडोग्रेल चालू असताना अ‍ॅसिडिटीवर ओमेप्राझोल नको, ते तिचा असर कमी करतं. पँटोप्राझोल चालतं का ते विचारून घ्या. गुडघेदुखीला डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन मनानं घेऊ नका.

छातीत दुखलं तर आधी खाली बसा, मग सॉर्बिट्रेट, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी, जिभेखाली ठेवा. उभ्यानं घेतली तर रक्तदाब उतरून पडाल. लैंगिक संबंधासाठीची सिल्डेनाफिलसारखी गोळी घेतली असेल तर सॉर्बिट्रेट घ्यायची नाही, आणि तसं डॉक्टरांना न लाजता सांगायचं. पाच मिनिटांत थांबलं नाही तर 108. स्कूटरवर मागे बसून दवाखाना गाठू नका.

एक कागदाचं काम राहिलं. स्टेंटच्या किमतीवर फेब्रुवारी 2017 पासून केंद्र सरकारची कमाल मर्यादा आहे, आणि बिलात स्टेंटची किंमत, नाव आणि बॅच नंबर वेगळा दाखवावा लागतो. डिस्चार्जच्या वेळी स्टेंटचं कार्ड आणि अँजिओग्राफीची सीडी मागून घ्या. कार्डाचा फोटो पेशंटच्या मोबाईलमध्ये ठेवा आणि घरातल्या आणखी एकाच्याही. रात्री परगावच्या इस्पितळात जायची वेळ आली, तर कोणत्या शिरेत, कधी आणि कोणता स्टेंट बसलाय हे तिथल्या डॉक्टरांना त्यावरूनच कळतं.

नमस्कार.